लॉक गाडीतच होतं: साताऱ्यातल्या एका जुन्या डिस्कव्हरीचं प्रकरण

गेल्या पावसाळ्यात, आषाढ सरता सरता, एक काका माझ्या गॅरेजवर गाडी घेऊन आले. लँड रोव्हर डिस्कव्हरी, दुसरी आवृत्ती, १९९९ची, पाच सिलिंडरचं टीडी५ डिझेल इंजिन आणि मॅन्युअल गिअर. त्यांचे मेहुणे इंग्लंडहून कायमचे परत आले तेव्हा सोबत आणलेली ही गाडी. मेहुण्यांना ती सांभाळवेना, मग काकांच्या दारात येऊन उभी राहिली. काकांची जमीन ठोसेघरच्या पुढे, चाळकेवाडीच्या पठाराला लागून आहे. भात, नाचणी, आणि एक वर्ष हौसेनं लावून पाहिलेली स्ट्रॉबेरी. डांबरी रस्ता संपला की शेतघरापर्यंत तीनेकशे मीटरचा चढ. खाली जांभा, वर तांबडी चिकण माती, आणि मधोमध पाण्यानं तिरकी कापलेली एक चर.

काकांची तक्रार एका वाक्याची होती. "चारही चाकं ओढत्यात म्हणं हिची, मग त्या चरीत जागच्या जागी का फिरती?"

खरं दुखणं वेगळं होतं, ते चहा झाल्यावर कळलं. त्याच चढावरून शेजाऱ्याची एमएम ५४० जीप, टायर गुळगुळीत झालेली, हुड फाटलेली, खताची पोती घेऊन रोज वर जात होती. एकदा शेजारी वरून खाली बघून म्हणाला, "काका, दोर टाकू का?" ते काकांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

माझ्याकडे येण्याआधी त्यांनी मोठ्या शहरातल्या एका गॅरेजला विचारलं होतं. "या मॉडेलला सेंटर लॉक येत नाही, अख्खी ट्रान्सफर केस बदलावी लागेल," असं सांगून त्यांनी एक आकडा दिला होता. (सेंटर लॉक म्हणजे पुढच्या आणि मागच्या शाफ्टना एकमेकांना बांधणारी सोय; ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सची ताकद त्या दोन शाफ्टना वाटणारी पेटी.) तो आकडा मी इथे लिहीत नाही. त्यात चांगली सेकंडहँड जिप्सी आली असती एवढं सांगतो.

आधी जीप वर का जाते ते बघू, कारण डिस्कव्हरीचं उत्तर त्यातच आहे. जुन्या महिंद्रा जीपमध्ये किंवा जिप्सीमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसतंच. फोर व्हीलचा दांडा टाकला की दोन्ही शाफ्ट एकमेकांत घट्ट अडकतात आणि एकाच वेगाने फिरतात. म्हणूनच ती फोर व्हीलमध्ये कोरड्या डांबरावर चालवायची नसते. वळणावर पुढची चाकं मोठ्या घेरातून जातात, मागची लहान घेरातून. हा फरक कुठेतरी सुटायला हवा. तो सुटला नाही तर शाफ्टना पीळ बसतो, स्टीअरिंग जड होतं, टायर घासतात. चिखलात चाक थोडं घसरून हा पीळ आपोआप सोडतं. जिप्सीला "सेंटर लॉक बसवून द्या" म्हणणारे वर्षाला दोघे-तिघे तरी येतात. त्यांना मी सांगतो, तुमची जिप्सी फोर व्हीलमध्ये असली की लॉकच असते.

डिस्कव्हरी मात्र कायम चार चाकांवर चालते, डांबरावरसुद्धा. म्हणून तिच्या ट्रान्सफर केसमध्ये तिसरं डिफरन्शियल आहे, पुढच्या-मागच्या शाफ्टचा वेगातला फरक सोडवायला. डिफरन्शियलचा स्वभाव समजायला बैलगाडीचं जू बघा. जू मधोमध सैल बांधलेलं असेल तर दोन्ही बैलांची ओढ सारखीच लागते. एक बैल बसला की दुसऱ्याने कितीही जोर लावला तरी जू नुसतं फिरतं, गाडी जागची हलत नाही. काकांच्या गाडीत अशी तीन जुवं आहेत: पुढच्या ॲक्सलला एक, मागच्या ॲक्सलला एक, आणि दोन्हींच्या मध्ये एक. चरीत पुढचं डावं चाक हलकं झालं की ते बसलेला बैल ठरतं. पुढच्या ॲक्सलची ताकद त्या चाकात वाया जाते, आणि मधल्या जुवामुळे मागच्या ॲक्सललाही तेवढीच, म्हणजे जवळजवळ शून्य, ताकद मिळते. चार चाकांची गाडी हवेत फिरणाऱ्या एका चाकावर येते. सेंटर लॉक म्हणजे हे मधलं जू दांडीला करकचून आवळणं.

मग कंपनीनं लॉक दिलंच नाही का? १९८९मध्ये आलेल्या पहिल्या डिस्कव्हरीत हीच एलटी२३० जातीची ट्रान्सफर केस होती आणि हाय-लोचाच (वेगाचे आणि जास्त ताकदीचे गिअर बदलायचा) लिव्हर आडवा ढकलला की लॉक लागत असे. १९९८मध्ये दुसरी आवृत्ती आली ती इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल घेऊन. जे चाक फुकट फिरतं त्यालाच ब्रेक लावायचा, म्हणजे डिफरन्शियलला त्या बाजूने विरोध जाणवतो आणि उरलेल्या चाकांना ताकद मिळते. बसलेल्या बैलाला कोणीतरी मागून रेटतंय असं समजा. हे असल्यावर लॉकचा दांडा कशाला, असा हिशोब. तो चुकीचा म्हणता येत नाही, फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जिवंत असेपर्यंतच तो खरा आहे.

काकांच्या डॅशवर तीन पिवळे दिवे कायम पेटलेले होते: एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि उतारावरचं हिल डिसेंट. कधीपासून विचारलं तर म्हणाले, "आल्यापासून हायतच की. मेहुणे म्हणाले, इंग्लंडातबी असेच होते." म्हणजे ज्याच्या भरवशावर लॉक काढलं तेच बंद पडलेलं होतं. उरली तीन सैल जुवांची गाडी.

खड्ड्यात उतरल्यावर

गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेतली आणि ट्रान्सफर केसवरचा चिखल खरवडला. घाई केली असती तर चुकलो असतो, कारण पाहायची जागा समोरच्या बाजूला, पुढचा शाफ्ट जिथून निघतो त्या घराच्या माथ्यावर आहे. तांबडी माती, गळलेलं तेल आणि वाळकं गवत यांचा तिथे चांगला बोटभर थर होता. तो निघाल्यावर खाली दोन बाजूंनी चपट्या केलेल्या एका छोट्या दांड्याचं टोक दिसलं. लॉकच्या फोर्कचा, म्हणजे लॉक सरकवणाऱ्या काट्याचा, दांडा.

या मॉडेलच्या पहिल्या काही वर्षांच्या गाड्यांत लॉकचे आतले सगळे भाग, म्हणजे फोर्क, दातेरी स्लीव्ह, दांडा, जसेच्या तसे बसवलेले आहेत. फक्त लिव्हरपासून तिथपर्यंतची जोडणी दिलेली नाही. पुढे २००१च्या सुमारास आतले भागही गेले, आणि उत्पादनाच्या शेवटच्या काळात, २००४च्या आसपास, लॉक लिव्हरसकट परत आलं. तेव्हा "डिस्कव्हरी टूला लॉक येत नाही" हे वाक्य काही गाड्यांबाबत खरं आणि काहींबाबत साफ खोटं आहे. कुठल्या गाडीबाबत काय, हे कागदावरून ठरवण्यापेक्षा खाली झोपून बघणं सोपं. टोक दिसलं तर लॉक आत आहे. नसेल तर पुढचं घर आतल्या भागांसकट आणावं लागतं, आणि ते वेगळं, मोठं काम आहे.

टोकाला दहाचा पाना बसला, पण दांडा फिरेना. वीस-बावीस वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. हेल्पर पाइप घालून जोर लावायला निघाला, त्याला थांबवलं. दांडा गंजामुळे अडकलेला असू शकतो, तसंच आत स्लीव्हचे दाते समोरच्या दात्यांवर टेकलेलेही असू शकतात. दुसऱ्या कारणात पाइप लावला तर फोर्क वाकतो. डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेवलं. सकाळी एकाने पान्यावर हलका दाब धरला आणि दोघांनी गाडी हातभर पुढे ढकलली. खालून 'टक्' असा आवाज आला आणि पाना फिरला.

लॉक खरंच लागलं का, हे पाहायची एक सोपी रीत आहे. त्यासाठी लँड रोव्हरच्या हँडब्रेकची जागा माहीत हवी. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाही. ट्रान्सफर केसच्या मागे, मागच्या शाफ्टवर त्याचा ड्रम आहे. पुढचं एक चाक जॅकवर उचलायचं, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. लॉक नसेल तर उचललेलं चाक हाताने फिरतं. लॉक लागलं असेल तर हँडब्रेकने मागचा शाफ्ट धरलेला, लॉकने पुढचा शाफ्ट मागच्याला बांधलेला, त्यामुळे चाक हलत नाही. आमचं हललं नाही.

(याच हँडब्रेकबद्दल एक इशारा. मागचं एक चाक जॅकवर घेतलं आणि बाकीच्यांना दगड लावले नाहीत, तर हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. शाफ्ट धरलेला असला तरी ॲक्सलचं डिफरन्शियल मोकळं असतं: जमिनीवरचं चाक पुढे, हवेतलं मागे. आणि ज्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, त्यात अडकल्यावर हँडब्रेक दोन खटके ओढून चाक फिरणं आवरायची जुनी युक्ती चालते. ती इथे चालत नाही.)

काकांना हे सगळं पटलं होतं असं नाही. पुढच्या शाफ्टचा डबल जॉइंट तपासायला तो शाफ्ट सोडायचाच होता, तो सोडल्यावर त्यांना गाडीत बसवलं. लॉक काढलेलं, पहिला गिअर, क्लच सोडा म्हटलं. गाडी जागेवर, खाली पुढची मोकळी फ्लँज (शाफ्ट जिला जोडतात ती चकती) गरगर फिरतेय. इंजिन बंद करून पान्याने लॉक लावलं, परत क्लच सोडायला सांगितलं. गाडी मागच्या दोन चाकांवर गुमान पुढे सरकली. काका खाली उतरून खड्ड्यात वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी एवढी वर्षं हे आतच बसून होतं?"

जोडणी: आधी केलेली चूक, मग केलेलं काम

पहिल्या डिस्कव्हरीचा लिव्हर-संच परदेशातून मागवता येतो आणि तो व्यवस्थित बसतो. काकांचा ओढा तिकडेच होता. पण माल यायला लागणारा वेळ, त्यावरचं शुल्क, आणि श्रावणात चर आणखी खोल होणार हे नक्की. मी केबल सुचवली. इथवर माझा निर्णय ठीक होता.

केबल निवडताना मात्र मी घसरलो. हाताशी चोकची जुनी केबल होती, तीच लावली. अशी केबल ओढायला चांगली, ढकलायला नाही. ओढून लॉक लागलं, परत ढकलल्यावर आतली तार वाकली आणि लॉक तसंच राहिलं. लॉकचा दिवा जोडायचं काम दुसऱ्या दिवसावर ढकललं होतं, म्हणजे लॉक लागलंय की सुटलंय हे गाडीत बसलेल्याला कळायला काही साधनच नव्हतं. मी ट्रायल म्हणून शहरात गेलो. पोवई नाक्यावर वळताना स्टीअरिंग हातातून उलटं ओढू लागलं आणि टायर असे किंचाळले की रिक्षावाले वळून बघायला लागले. तरी मला अर्धा मिनिट वाटत होतं, पॉवर स्टीअरिंगच गेलं. कडेला घेऊन सरळ रेषेत दहा-बारा मीटर रिव्हर्स घेतली, शाफ्टमधला पीळ सुटला, मग खाली सरपटत जाऊन पान्याने लॉक काढलं. त्या दिवशीच्या पांढऱ्या शर्टाचं पुढे पुसायचं फडकं झालं.

दुसऱ्या वेळी छोट्या टेम्पोच्या गिअरची पुश-पुल केबल आणली, जी दोन्ही बाजूंनी काम करते. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून सहा मिलिमीटर पट्टीचा छोटा आर्म करून घेतला, त्यात दांड्याच्या चपट्या बाजूंवर घट्ट बसेल अशी खाच. खाच सैल झाली तर लिव्हरचा अर्धा प्रवास त्या ढिलाईतच जातो, म्हणून लेथवाल्याने सोडलेला शेवटचा केसभर भाग मी हाताने कानशीने काढला. आर्मवर केबलसाठी तीन भोकं पाडली. आतल्या भोकात लिव्हर फार जड लागला, बाहेरच्यात केबलचा प्रवास पुरेना, मधलं जमलं. केबलचं बाहेरचं आवरण धरणारी ब्रॅकेट ट्रान्सफर केसच्याच बोल्टवर बसवली. चासीवर वेल्डिंग नाही आणि टनेलला रबरी ग्रोमेटचं एक भोक सोडून बॉडीला धक्का नाही, ही काकांची अट होती आणि माझीही. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. अशा गाडीवर उगाच प्रश्न उठतील असं काही करू नये.

दिव्याचा स्विच पुढच्या घरातच बसतो. त्याची ॲडजस्टमेंट सोपी आहे: लॉक लावलेलं ठेवून स्विच दिवा पेटेपर्यंत आत फिरवायचा, मग आणखी अर्धा फेरा, आणि वरचा नट आवळायचा. डॅशवर वेगळा पिवळा एलईडी दिला, स्टीअरिंगच्या आडून दिसेल असा. पोवई नाक्यानंतर मी हे काम सगळ्यात आधी केलं.

चार दिवसांनी काकांचा फोन आला, अंगणात तेल पडतंय. ही दुसरी चूक. दांडा वर्षानुवर्षं न फिरल्याने त्याची ओ-रिंग जागच्या जागी कडक झाली होती. तो हलवायला लागल्यावर ती गळू लागली. आर्म बसवण्याआधी रिंग बदलली असती तर वीस मिनिटांचं काम होतं. आता सगळं सोडून परत बांधावं लागलं, त्याची मजुरी मी लावली नाही. ट्रान्सफर केसमधलं ७५डब्ल्यू-९० तेलही त्याच वेळी नवं भरलं. जुन्या तेलात ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप होता, तुकडे नव्हते. वयाच्या मानानं चांगलं.

चढावर

चाचणी त्याच चढावर, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर घेतली. लॉक न लावता, लोमध्ये, पहिल्या गिअरवर चरीत घातली: पुढचं डावं चाक हलकं झालं आणि पूर्वीसारखंच फिरत बसलं. मागे घेतली. सरळ हळू चालवत लॉक लावलं, दिवा पेटल्याची खात्री केली, त्याच जागेवर परत गेलो. डावं चाक फिरलं, पण मागच्या दोन चाकांनी ढकललं आणि गाडी चर ओलांडून गेली. लोमध्ये ट्रान्सफर केसचं गुणोत्तर ३.३२ असल्याने पाय ॲक्सिलरेटरवर जवळपास नव्हताच. घाई करणाऱ्याच्या गाडीपेक्षा सावकाश चालवणाऱ्याची गाडी इथे जास्त वर जाते.

मग मुद्दाम चरीत तिरकं घातलं. आता पुढचं डावं आणि मागचं उजवं, दोन्ही चाकं एकदम हलकी झाली. लॉक लागलेलं असूनही गाडी थांबली. हे मला काकांना दाखवायचंच होतं. मधलं जू आवळलं, तरी पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची आपापली जुवं सैलच आहेत. दोन्हीकडे एकेक बैल बसला की मधली गाठ काय करणार? इथे शेजाऱ्याची एमएम ५४०सुद्धा अडकली असती. ती अडकत नव्हती, कारण शेजारी तिला तिथे तिरकी घालतच नव्हता. तो चर सरळ ओलांडायचा. वीस वर्षं त्याच वाटेवर गाडी चालवणाऱ्याला जे कळतं ते मला खड्ड्यात झोपून कळत नाही.

त्यामुळे ते तीन दिवे सोडून चालणार नव्हतं. स्कॅनरवर दोष शटल व्हॉल्व्ह स्विचचा निघाला, एबीएस मॉड्युलेटरमधला (चाकांच्या ब्रेकचा दाब सांभाळणारा भाग). या वयाच्या गाड्यांत नेहमी सापडणारा. तारा आणि जोड दुरुस्त झाल्यावर तिन्ही दिवे विझले. त्याच तिरक्या जागी परत नेली: लॉक लावलेलं, ट्रॅक्शन कंट्रोल चालू. चाकं क्षणभर फिरली, ब्रेकचा गुरगुराट खालून ऐकू आला, आणि गाडी अडखळत का होईना, वर आली. ट्रॅक्शन कंट्रोलला चाक आधी फिरावं लागतं तेव्हा ते जागं होतं. लॉक आधीपासून लागलेलं असतं, त्यामुळे ट्रॅक्शन कंट्रोलवरचं काम निम्मं होतं.

माझ्या मते या प्रकरणात क्रम उलटा हवा होता. काका लॉक मागायला आले म्हणून मी लॉकपासून सुरुवात केली. आधी दिवे विझवले असते तर कदाचित काकांचं नव्वद टक्के काम तिथेच झालं असतं. लॉक नको होतं असं मी म्हणत नाही. फक्त मग ते निवांत, माल मागवून, पोवई नाक्यावर तमाशा न करता बसवता आलं असतं.

केबल, आर्म, ब्रॅकेट, एलईडी, ओ-रिंग आणि तेल मिळून साहित्य सात हजारांच्या आत आलं. एबीएसचं काम वेगळं. काकांना लिव्हरजवळ मराठीत एक चिठ्ठी लॅमिनेट करून लावून दिली आहे: डांबरावर लॉक लावायचं नाही, काढताना जड वाटलं तर सरळ मागे घ्यायची, दिवा विझेपर्यंत वळायचं नाही.

पुढच्या शाफ्टच्या डबल जॉइंटमध्ये थोडी ढिलाई सापडली आहे. त्याला ग्रीसचं निपल नाही. हा जोड तुटला तर शाफ्ट आपटून शेजारचं बरंच काही फोडतो, त्यामुळे नवा मागवला आहे. तो येईपर्यंत दर रविवारी गाडीखाली जाऊन शाफ्ट हाताने हलवून बघायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलंय. मागच्या रविवारी फोन करून म्हणाले, "तेवढीच हालती, जास्त न्हाय."